पालेगावचं कान्सलीन

हरिचंद्र दिघे यांना इंग्रजी येतं, ही गोष्ट अंबरनाथात स्टेशनापासून शंकराच्या देवळापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना ती दिघे स्वतः सांगत असत. काड्यापेटीच्या कारखान्यात ते कारकून होते. साहेबाशी त्यांचं बोलणं इंग्रजीतूनच होई, म्हणजे साहेब बोले आणि दिघे 'येस सर' म्हणत. पण 'येस सर' हेही इंग्रजीच आहे, त्याला कोणी मराठी म्हणू शकणार नाही. आसपासच्या चार गावांतले लोक सरकारी कागद, औषधांच्या बाटल्या, बियाण्यांच्या पिशव्या त्यांच्याकडे वाचायला घेऊन येत. दिघे चष्मा लावत, वस्तू हातभर लांब धरत, 'हं' म्हणत आणि अर्थ सांगत. सांगितलेला अर्थ त्यांनी आजवर मागे घेतला नव्हता. एकदा बाटलीवरच्या 'शेक वेल' या शब्दांचा अर्थ त्यांनी 'चांगला शेक द्या' असा सांगितला होता. रोग्याच्या पाठीला तीन दिवस विटेचा शेक दिला आणि तो बराही झाला. यापुढे कोण काय बोलणार?

घरात डिक्शनरी नव्हती. अंजनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा तसं सुचवून पाहिलं होतं. "डिक्शनरी कोणाला लागते? ज्याला इंग्रजी येत नाही त्याला," असं म्हणून दिघ्यांनी तो विषय मिटवला.

एकोणीसशे पंचावन्न सालच्या वैशाखात, एका मंगळवारी संध्याकाळी दिघे ओटीवर चहा घेत बसले होते, तेव्हा पालेगावचा कोंडाजी भोईर अंगणात येऊन उभा राहिला. कोंडाजीचा आणि दिघ्यांचा जुना घरोबा. वर्षाचा तांदूळ, वाल, पावसाळी काकड्या सगळं त्याच्याच शेतातलं यायचं, आणि आठवड्यातून एकदा त्याची मुलगी वेणू भाजीची पाटी घेऊन यायची तेव्हा अंजनीबाई तिला जेवल्याशिवाय सोडत नसत. त्या वेणूचं लग्न ठरलं होतं. मुलगा वांगणीकडचा, नाव चंदर, देवळालीला मिलिटरीत लॉरी चालवायचा. वडील नव्हते, आई होती. लग्नाला अजून तीन आठवडे अवकाश होता, आणि दिघ्यांनी त्यासाठी दोन दिवसांच्या रजेचा अर्जही देऊन ठेवला होता.

कोंडाजीने मुंडाशातून एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "बाबू, तार आलीय. चंदरची. काय लिवलाय ता बगा."

त्या काळी तार म्हटलं की माणूस आधी खाली बसायचा आणि मग ती उघडायचा. कोंडाजी खाली बसला. दिघ्यांनी कप बाजूला ठेवला, चष्मा लावला, तार हातभर लांब धरली. तारेत चार शब्द होते आणि खाली चंदरचं नाव.

"कॅन्सलिंग लीव्ह कमिंग संडे," दिघ्यांनी वाचलं. "हं."

"वाईट हाय का?"

दिघ्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. जाणत्या माणसाने लगेच उत्तर देऊ नये, हा त्यांचा शिरस्ता होता. "हे बघ कोंडाजी, घाबरू नकोस. कॅन्सलिंग म्हणजे रद्द करणे. लीव्ह म्हणजे सोडणे. कमिंग संडे म्हणजे येता रविवार."

"मंजे?"

"म्हणजे रद्द करतोय. सोडा. येत्या रविवारपासून."

"काय सोडा?"

"अरे, लग्न! आणखी काय सोडायचं राहिलंय?"

कोंडाजीने बोटांवर आठवडे मोजले. "पर बाबू, लगीन तर येत्या आयतवारी नवताच. लगीन तर अजून तीन आटवरे लांब हाय."

इथे खरं तर दिघ्यांनी थांबायला हवं होतं. शेतकऱ्याचा प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याला उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं की दिघ्यांचा आवाज वाढत असे. "तारेत शब्द मोजके असतात, कोंडाजी! पत्र आहे का हे, सगळं उलगडून लिहायला? त्यात चार अक्षरं असतात, बाकीची आपण समजून घ्यायची असतात."

कोंडाजीने समजून घेतलं. त्याने तारेची पुन्हा तशीच घडी केली, मुंडाशात खोवली, आणि आणलेली वालाच्या शेंगांची गाठोडी ओटीवर ठेवून निघाला. फाटकापाशी एकदा थांबला. "जेनी मोडला त्येच्या दारात मी काय इचाराला जानार नाय," एवढं म्हणाला आणि गेला.

अंजनीबाई आतून सगळं ऐकत होत्या. शेंगा उचलता उचलता त्या म्हणाल्या, "अहो, लीव्ह म्हणजे रजा ना?"

"लीव्ह म्हणजे सोडणे. क्रियापद आहे ते."

"नाही, तुम्ही कारखान्यात अर्ज देता, त्याच्यावर काय लिहिता ते विचारते."

"ते वेगळं लीव्ह," दिघे म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवून वर्तमानपत्रात शिरले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी पहिलं काम हातात घेतलं ते स्वतःच्या रजेचं. लग्नच नाही तर रजा कशाला फुकट घालवा? त्यांनी कोरा कागद घेतला, टाक बुडवला आणि सुंदर वळणदार इंग्रजीत लिहायला सुरुवात केली: रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट दॅट आय अ‍ॅम कॅन्सलिंग लीव्ह...

टाक थांबला. दिघ्यांनी शेवटचे दोन शब्द वाचले. पुन्हा वाचले. ते कालच्याच क्रमाने शेजारी शेजारी बसले होते, फक्त आज ते त्यांनी स्वतः लिहिले होते, आणि त्यांत कुठेही कुणाचं लग्न मोडत नव्हतं. टाकाच्या टोकावरचा थेंब कागदावर पडला आणि 'सर' या शब्दावर पसरला.

म्हणजे चंदरची रजा रद्द झाली होती. इतपत ठीक. पण मग 'कमिंग संडे' चं काय? येत्या रविवारची रजा रद्द? रविवारी कसली रजा? की रजा रद्द, आणि 'कमिंग', म्हणजे येतोय, रविवारी? रजा रद्द झालेला माणूस येईल कसा? की तो लग्नासाठीची रजा रद्द करून आधीच येतोय? त्या चार शब्दांना दिघे जसजसे डिवचत गेले तसतसे ते शब्द नव्या नव्या खोड्या काढू लागले.

आता सरळमार्गी माणूस काय करील? उठेल, पालेगावला जाईल आणि म्हणेल, कोंडाजी, माझा अर्थ चुकला असण्याचा संभव आहे. हे दिघ्यांच्याही मनात आलं. पण 'असण्याचा संभव आहे' हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. आधी खात्री करून घ्यावी, मग बोलावं, असं त्यांनी ठरवलं. आणि खात्री करायची तीसुद्धा अशी, की आपण खात्री करतोय हे कोणाला कळता कामा नये.

पहिले भेटले शेजारच्या घरातले धारप मास्तर. शाळेत गणित शिकवायचे आणि घरीही तेच करायचे. "मास्तर, सहज विचारतो," दिघे म्हणाले, "कॅन्सल या शब्दाचा तुमच्या मते नेमका अर्थ काय?"

"सोपं आहे," मास्तर उजळले. "समजा वर बारा आहेत आणि खाली अठरा. दोघांत सहा सारखा आहे. वरचाही काटा, खालचाही काटा. राहिले वर दोन, खाली तीन. किंमत तीच, पण अपूर्णांक सुटसुटीत. कॅन्सल केल्याने काही जात नाही दिघे, फक्त पसारा जातो."

"म्हणजे मोडत नाही?"

"मोडेल कसं? किंमत तीच राहते म्हणून सांगतोय ना!" आणि मास्तरांनी पाटी मागवली. तिथून सुटायला दिघ्यांना पाऊण तास लागला.

गुरुवारी वेणू नेहमीप्रमाणे पाटी घेऊन आली. दिघे कारखान्यात निघण्याच्या बेतात होते. तिला पाहून ते चपला शोधू लागले, ज्या त्यांच्या पायातच होत्या. मुलगी रडलेली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तिने अंजनीबाईंना भेंडी मोजून दिली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, मी चार यत्ता शिकलेय, मना इंग्रजी येत नाय. पर ज्याला लगीन मोडायचा तो तार कशाला करील? कार्ड टाकील गुपचूप, आनि ता पन आठ दिवसांनी. तार करतंय तो, ज्याला घाई हाय."

अंजनीबाईंनी दिघ्यांकडे पाहिलं. दिघ्यांनी छत्रीकडे पाहिलं.

"आप्पांनी मांडवाच्या मेढी काढल्या," वेणू पुढे म्हणाली. "येत्या मंगलवारी मुहूर्ताची गानी म्हनायला ठमाबाई येनार होती, तिला नको येऊ म्हणून सांगितला. ती चिखलोलीच्या लग्नाला शब्द देऊन बसली. मी वांगणीला जाऊन येते म्हणाले, तर आप्पा म्हणतान, बाबूंनी वाचला, त्यात काय बगायचा."

'बाबूंनी वाचला' हे शब्द दिघ्यांच्या डोक्यात पोस्टापर्यंत वाजत राहिले. हो, ते कारखान्यात गेलेच नाहीत. सरळ पोस्टात गेले.

पोस्टात हिरामण नावाचा कारकून होता. तिकिटांवर शिक्का मारण्याचं काम तो असं तालात करी की उगाच कार्ड घ्यायला जावं. दिघ्यांनी खिडकीतून विचारलं, "हिरामण, मंगळवारी पालेगावच्या भोइराला एक तार आली होती. तिच्याबद्दल जरा..."

"तार ज्याची त्याची," हिरामण शिक्का न थांबवता म्हणाला. "मजकुरावर बोलायला आम्हाला बंदी आहे."

"मजकुराबद्दल नाही. एका शब्दाबद्दल. कॅन्सलिंग."

हिरामणचा हात थांबला. "कॅन्सलिंग? ते तर मी करतोय की! हे बघा." त्याने एका पाकिटावर धाडकन शिक्का मारला. "तिकीट कॅन्सल झालं. आता पत्र चाललं. ज्या तिकिटावर कॅन्सलिंग नाही ते पत्र जागचं हलत नाही. आमच्या खात्यात कॅन्सल झालं म्हणजे निघालं!"

दिघ्यांना प्रथमच जरा बरं वाटलं. शब्द एक आणि प्रत्येक माणसाच्या घरी तो निराळ्या स्वभावाने नांदत होता. मास्तरांकडे तो पसारा आवरत होता, इथे लोकांना वाटेला लावत होता. फक्त आपल्याच ओटीवर त्याने लग्न मोडावं, हे काही बरं नव्हतं.

मग त्यांनी उलट तार करायचं ठरवलं. फॉर्म घेतला आणि लिहिलं: एक्स्प्लेन कॅन्सलिंग. हिरामणने फॉर्म वाचला आणि मान हलवली. "दिघेसाहेब, मिलिटरीतल्या माणसाला एक्स्प्लेन लिहू नका. तिथे एक्स्प्लेन म्हणजे जबाब. त्याला वाटेल चौकशी लागली." मजकुरावर बोलायला बंदी असलेल्या हिरामणने मग मजकूर बदलून दिला. दिघ्यांनी सही केली, तर हिरामण म्हणाला, पाठवणारा भोईर हवा, नातं त्याचं आहे, तुमच्या नावाने गेली तर चंदर म्हणेल हा दिघे कोण? दिघ्यांनी नाव बदललं, तर हिरामण म्हणाला, दुसऱ्याच्या नावाने तुम्ही सही कशी करता? तीन फॉर्म फाटले. अखेर 'भोईर, केअर ऑफ दिघे' अशी तडजोड होऊन तार गेली: प्लीज क्लॅरिफाय कमिंग. त्या दिवशी कारखान्यात दिघ्यांच्या नावापुढे लाल शाईत गैरहजेरी पडली. वीस वर्षांत पहिली.

शुक्रवारी उत्तर आलं नाही. "निदान कापड तरी थांबवा," अंजनीबाई म्हणाल्या. "कोंडाजीने बस्ता कॅम्पातल्या लीलारामकडे बांधला होता. तोही सोडला असेल."

कारखाना सुटल्यावर दिघे टांग्याने उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनला गेले. पलटणीच्या जुन्या बराकी, त्यांच्यापुढे पत्र्याच्या शेड, आणि प्रत्येक शेडमध्ये एक दुकान. लीलाराम सिंधहून आला होता आणि सहा वर्षांत मोडकीतोडकी मराठी शिकला होता. "आव साईं, आव," त्याने गादी झटकली. "वो पालेगाववाला? परवा आला. बोला, शेठ, सगळा कॅन्सल. मी विचारला, क्यों? तो बोला, बाबू बोला."

"ते कापड दुसऱ्या कुणाला दिलंस?"

"दिया नहीं. ठेवलाय." लीलारामने फळीवरून गाठोडं खाली घेतलं. त्यात हिरवं लुगडं होतं, मुंडावळ्यांची लाल फीत होती. "त्याचा चेहरा बघितला, तवा मन बोला, रखो." तो जरा थांबला. "साईं, आमचा तो पूरा गाव कॅन्सल झाला. घर, दुकान, मंदिर, सब. स्टेशनवर उतरलो तवा हातात एक ट्रंक. मी काय केला? मी बोला, ठीक है, कॅन्सल पर नवीन लिहू. कागद आपला है ना."

लीलाराम हे दुःखाने बोलत नव्हता. बोलता बोलता लुगड्याची घडी सारखी करत होता. पण त्या गादीवर बसल्या बसल्या दिघ्यांना आपल्या मानाची एकदम लाज वाटली. इथे माणसं अख्खं गाव मागे टाकून नव्याने बसली होती, आणि आपल्याला एक शब्द मागे घेता येत नव्हता.

शनिवारी दुपारी देवळालीहून उत्तर आलं. चंदरचं नव्हतं, त्याच्या पलटणीतल्या कुणा बाबूचं होतं. फक्त दोन शब्द: चंदर लेफ्ट.

हिरामणने तार हातात दिली आणि मजकुरावर बोलायचं नसल्यामुळे नुसताच बघत राहिला. दिघ्यांनी चष्मा लावला नाही, तार लांबही धरली नाही. "लेफ्ट," ते म्हणाले. मंगळवारचे दिघे असते तर ते 'चंदरने सोडलं' असा अर्थ करून मोकळे झाले असते. "हिरामण, तुझ्या मते याचा अर्थ काय?"

"निघाला," हिरामण म्हणाला.

"माझ्याही मते," दिघे म्हणाले, आणि ऊन डोक्यावर असतानाच पालेगावची वाट धरली.

शेतं रिकामी होती, बांधावरचं गवत जळून गेलं होतं. वाटभर दिघ्यांनी एक वाक्य घोळवलं. तारेतील संदिग्धतेमुळे अर्थनिष्पत्तीत किंचित तफावत पडली, असं ते वाक्य होतं. कोंडाजीच्या अंगणात पोचल्यावर त्यांना मेढींचे रिकामे खड्डे दिसले, आणि ते वाक्य त्यातल्या एका खड्ड्यात गेलं.

कोंडाजी ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्याची बायको गोदू दारात होती, वेणू तिच्या मागे.

"कोंडाजी," दिघे उभ्याउभ्याच म्हणाले, "माझं चुकलं. लग्न मोडलेलं नाही. मी चुकीचं वाचलं. लीव्ह म्हणजे रजा. त्याची पुढची रजा रद्द झालीय म्हणून तो आधी येतोय. उद्या येतोय."

दिघ्यांना वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडावंच. कोंडाजीने दोरी खाली ठेवली.

"उद्या?"

"उद्या."

"मंजे लगीन हाय."

"आहे."

कोंडाजीने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "गोदू, बाबूंना पानी दे. उन्हातशी चालत आलेत." आणि दिघ्यांना एवढंच म्हणाला, "तुमीच सांगितलाव मोडला, तुमीच सांगितलाव हाय. आता गावात जाऊन पन तुमीच सांगा. माझ्या तोंडावर कोन इस्वास ठेवील?"

म्हणून दिघे पालेगावात घरोघर गेले. सदतीस घरं. कोट घातलेला, घामाने डबडबलेला अंबरनाथचा बाबू प्रत्येक दारात उभा राहून सांगत होता की लगीन हाय आणि चूक माझी. प्रत्येक दारात सल्ला मिळाला. एका म्हाताऱ्याने सांगितलं, इंग्रजी तार नेहमी उलटीकडून वाचावी. एका बाईने विचारलं, "ता कान्सलीन म्हंजे कोन? बाई का बाप्या?" सदतिसाव्या घरापर्यंत गावात सगळ्यांना कळलं होतं की कान्सलीन नावाचं काहीतरी आलं होतं, बाबूंच्या अंगात शिरलं होतं आणि आता निघालं आहे. दिघ्यांनी दुरुस्ती केली नाही. घसा बसला होता.

रविवारी सकाळी कोंडाजी आणि दिघे फलाटावर थांबले असताना चंदर अंबरनाथ स्टेशनवर उतरला. खांद्यावर ट्रंक, उन्हाने रापलेला हसरा चेहरा. पलटण हलणार होती, पुढची रजा गेली होती, पाच दिवस मिळाले होते. "तार मिळाली ना?" त्याने विचारलं. "मंग तयारी झाली असेल सगळी?"

"तयारी," दिघे म्हणाले, "चालू आहे." आणि त्याची ट्रंक स्वतः उचलली.

मंगळवारची दुपार लग्नाला ठरली. लीलारामकडचं कापड रविवारीच आलं. मेढी पुन्हा खड्ड्यांत बसल्या. एकच अडचण राहिली: ठमाबाई. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नसला तरी चालतं, पण धवलारीण नसली तर चालत नाही. हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळे देव ती गाण्यातून बोलावते, तेव्हा कुठे लग्न लागतं. पंचक्रोशीत ठमाबाईसारखी धवलारीण नव्हती, आणि तिने मंगळवारचा शब्द चिखलोलीला दिला होता.

"ज्येनी घालवली, त्येनी आनायची," गोदू म्हणाली.

सोमवारी दिघे चिखलोलीला गेले. ठमाबाई सत्तरीची, काटकुळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने सगळं ऐकून घेतलं. "मी शब्द देते तो देते," ती म्हणाली. "माझ्याकडं तुमचा ता कान्सलीन चालत नाय." दिघ्यांनी हात जोडले. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "चिखलोलीचा लगीन सकालचा हाय. ता लागला का मी येईन. पर माझा सूप आन् गाठोडा कोन आनील?"

मंगळवारी, भर दुपारी, चिखलोली ते पालेगाव या वाटेवर लोकांनी जे दृश्य पाहिलं ते पुढे पुष्कळ दिवस सांगितलं गेलं. पुढे हरिचंद्र दिघे, अंगात कोट, एका हातात छत्री, काखेत गाठोडं, डोक्यावर सूप आणि सुपात नारळ, तांदूळ, हळकुंडं. मागे ठमाबाई, हात मोकळे, पान चघळत. वाटेत धारप मास्तर भेटले. दिघ्यांनी त्यांना नमस्कार केला नाही, कारण सूप पडलं असतं.

लग्न झकास झालं. वाजंत्री तेवढी मिळाली नव्हती, कारण ती दुसरीकडे गेली होती. पण लीलाराम कॅम्पातून ढोल आणि सनईवाले घेऊन हजर झाला. त्यांना एकही मराठी चाल येत नव्हती. सिंधी चालीवर पालेगावची पोरंसोरं आणि म्हातारे असे काही नाचले की अंगण खणून निघालं. हिरवं लुगडं नेसलेली वेणू चंदरशेजारी बसली होती. दिघ्यांशी तिची नजरानजर झाली. त्यांना वाटलं ती काही बोलेल. ती फक्त हसली, आणि दिघ्यांनी कोटाची बटणं सोडली.

मग ठमाबाईने धवल्याचं गाणं उचललं. एकेक देवाला नाव घेऊन मांडवात बोलावू लागली. गावदेवी आली, खंडोबा आला, डोंगरावरची आई आली. मग तिने दिघ्यांकडे बघून सूर चढवला:

"येशीवरती कोन उभा, कान्सलीन उभा गं,
त्येला पान नको, त्येला पाट नको, बाहेर थांब म्हना गं."

सगळ्या बायकांनी ती ओळ उचलली. दिघ्यांचं तोंड उघडलं. उच्चार कॅन्सलिंग असा आहे, त्यात ग आहे, असं सांगायला ते उघडलं होतं. शेजारी बसलेल्या अंजनीबाईंनी त्यांच्या हातात पानाचा विडा दिला. दिघ्यांनी तो तोंडात घातला आणि टाळ्या वाजवू लागले.

त्या वर्षानंतर हा शब्द पालेगावात राहायला आला. वेशीबाहेर मात्र त्याला कोणी थांबवलं नाही, आणि राहता राहता त्याचा अर्थही बदलला. कान्सलीनची तार आली आणि तीन आठवड्यांनी व्हायचं लग्न सातव्या दिवशी झालं, हे लोकांच्या लक्षात राहिलं होतं. त्यामुळे ठरल्या वेळेच्या आधी काम उरकलं की पालेगावकर म्हणत, कान्सलीन झालं. भात लवकर पिकलं, कान्सलीन. तलाठी सांगितल्या दिवसाच्या आधी उगवला, कान्सलीन. दिघ्यांच्या कानावर ते येई आणि ते मान डोलावत.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास कोंडाजी धापा टाकत अंगणात आला. या वेळी त्याच्या हातात कागद नव्हता, पेढे होते. तो इतका हसत होता की त्याला बोलता येईना.

"बाबू! वेनूला पोरगा झाला! सुइनीनी पुनवेनंतर सांगितला होता, आनि काल पहाटेच..."

"काय सांगतोस!" दिघे उठून उभे राहिले. "म्हणजे आठ दिवस आधीच?"

"हां बाबू," कोंडाजी म्हणाला. "एकदम कान्सलीन!"